शेवटच्या टाक्यानंतर

नमस्कार. पत्रिकेवर विषय 'कुत्रा आणि घोडा : शस्त्रक्रिया आणि भूल' असा छापलाय. विषय मोठा आहे, आणि एका संध्याकाळी मला त्यातली एकच गोष्ट नीट सांगायचीय. शस्त्रक्रिया म्हटलं की आपलं लक्ष सुरीकडे जातं. हाड कसं जोडलं, गाठ कशी काढली, किती टाके पडले. मी भूल देणारी पशुवैद्य आहे. माझी काळजी शेवटचा टाका पडला की वाढते. सर्जन हातमोजे काढतात, बाहेर जाऊन मालकाला 'सगळं छान झालं' म्हणून सांगतात, आणि त्याच वेळी आत धोक्याचा काळ सुरू झालेला असतो. हा माझा एकटीचा अनुभव नव्हे, याची मोजदाद झालेली आहे. कोणी केली, कशी केली आणि त्यातून काय बदललं, ते सांगते.

आधी कुत्र्यांचं घेऊ, कारण समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी तोच आहे.

ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात डेव्हिड ब्रॉडबेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून जास्त दवाखान्यांना विनंती केली की तुमच्याकडे भूल किंवा गुंगी दिलेल्या प्रत्येक प्राण्याची नोंद ठेवा, आणि पुढच्या ४८ तासांत तो दगावला तर तेही आम्हाला कळवा. दवाखान्याचं नाव गुप्त राहील, कोणावर ठपका येणार नाही. या एका अटीमुळे लोकांनी खरं लिहिलं. ९८,०३६ कुत्र्यांची नोंद जमली आणि २००८ साली निष्कर्ष छापून आले. ६०१ कुत्र्यांमागे एक मृत्यू. त्यातही फोड करून पाहिली तर निरोगी कुत्र्यांत १,८४९ मागे एक, आणि आधीपासून आजारी असलेल्यांत ७५ मागे एक. भूल देण्याआधी आम्ही रक्त तपासायला का सांगतो, छातीला स्टेथोस्कोप लावून इतका वेळ का ऐकत बसतो, याचं उत्तर या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हे कुत्रे नेमके कधी गेले? जवळजवळ निम्मे कुत्रे गेले ते ऑपरेशन संपल्यानंतर. मांजरांत तर साठ टक्क्यांहून जास्त. आणि ऑपरेशननंतर गेलेल्यांपैकी बहुतेक पहिल्या तीन तासांत.

का, ते समजून घ्या. ऑपरेशन चालू असताना श्वासनलिकेत नळी असते, नळीतून ऑक्सिजन जात असतो, जिभेला पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा लावलेला असतो, आणि कोणीतरी मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं टेकवून नाडी बघत असतं. ऑपरेशन संपतं. गॅस बंद होतो, ऑक्सिजन निघतो, चिमटा निघतो, नळी निघते. कुत्र्याला उचलून पिंजऱ्यात ठेवतात आणि सगळे पुढच्या केसकडे वळतात. औषधांचा अंमल मात्र अजून पुरता उतरलेला नसतो. जीभ मागे पडू शकते, तोंडात लाळ किंवा उलटी साचू शकते, श्वास उथळ होतो. त्यात अंग गार पडलेलं. पोटावरचे केस काढलेले, त्यावर स्पिरिट फिरवलेलं, खाली स्टीलचं टेबल. पाच किलोपेक्षा लहान कुत्र्यांत धोका जास्त आढळला त्यामागे हे एक कारण आहे, कारण लहान शरीराची ऊब भराभर निघून जाते. अंग गार झालं की यकृत संथ चालतं, औषध शरीरात रेंगाळतं, आणि जाग यायला आणखी उशीर होतो. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं.

याच अभ्यासात मांजरांच्या बाबतीत असंही दिसलं की नाडी आणि पल्स ऑक्सिमीटरवर लक्ष ठेवलेल्यांत मृत्यू कमी होते. यासाठी कोणतंही महागडं यंत्र लागत नाही, लागतं ते जागेवर बसून राहणारं माणूस. तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरवताना खर्च विचारा, किती वेळ लागेल ते विचारा, आणि त्याबरोबर हेही विचारा: नंतरचे तीन तास माझ्या कुत्र्यापाशी कोण बसणार आहे? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

आता घोडा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

घोड्यांची अशी मोजणी ब्रॉडबेल्ट यांच्या पाहणीच्या आधीच सुरू झाली होती. मार्क जॉन्स्टन, पॉली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ६२ दवाखान्यांतून ४१,८२४ घोड्यांची माहिती गोळा केली. भूल दिल्यापासून सात दिवसांत घोडा जिवंत आहे का, एवढाच मूळ प्रश्न. २००२ साली निष्कर्ष आले: १.९ टक्के मृत्यू. पोटशूळ झालेले घोडे आधीच मरणाच्या दारात आलेले असतात, म्हणून ते बाजूला काढले, तरीही ०.९ टक्के. म्हणजे सांध्यातला हाडाचा तुकडा काढायचा, घशाचं छोटं काम करायचं, अशा घोड्यांतसुद्धा हजारामागे नऊ. निरोगी कुत्र्यांत आपण पाहिलं, दोन हजारांमागे साधारण एक. ही तुलना तंतोतंत नाही, पण दोघांमधलं अंतर डोळ्यांत भरतं.

घोड्याचं शरीर पळण्यासाठी घडलंय. साडेचारशे-पाचशे किलोचा प्राणी चार बारीक पायांवर उभा, बराचसा उभ्यानेच झोपणारा, आडवा पडला तरी थोडाच वेळ. त्याला आपण पाठीवर उताणं पाडतो आणि दोन-तीन तास तसंच ठेवतो. त्याच्या मोठ्या आतड्यात आणि अंधांत्रात, म्हणजे त्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, शंभर लिटरच्या घरात ऐवज असतो. पाण्यानं भरलेलं पिंप छातीच्या पडद्यावर कलंडून ठेवावं तसा तो भार फुप्फुसांवर येतो. स्वीडनमध्ये न्यूमान आणि हेडेनस्टियर्ना यांनी १९९० च्या सुमाराला हे सीटी स्कॅनवर दाखवून दिलं. पूर्ण वाढीचा घोडा त्या यंत्रात मावत नाही म्हणून त्यांनी तट्टं घेतली. भूल देऊन उताणी ठेवलेल्या तट्टांच्या फुप्फुसांचा खालचा मोठा भाग मिटून गेलेला दिसला. रक्त त्या भागातून वाहतंय, पण तिथे हवाच नाही. म्हणून शुद्ध ऑक्सिजन देऊनही घोड्याच्या रक्तातला ऑक्सिजन कधीकधी इतका खाली येतो की कुत्र्यात तसा आकडा दिसला तर आम्ही आधी यंत्र बिघडलंय का ते पाहू.

दुसरी अडचण स्नायूंची. पूर्वी असं व्हायचं की ऑपरेशन उत्तम झालं, पण घोडा उठायला गेला तर पुढचा पाय लुळा, किंवा मागचे स्नायू लाकडासारखे कडक आणि दुखरे. काही घोडे उठूच शकायचे नाहीत. जड शरीराखाली दाबल्या गेलेल्या स्नायूंना रक्त पोचत नाही हा अंदाज होता. १९८७ साली अमेरिकेत ग्रँडी, स्टेफी आणि सहकाऱ्यांनी हॅलोथेनची भूल दिलेल्या घोड्यांत दाखवलं की रक्तदाब बराच काळ खाली राहिला तर ही व्याधी होते. या एका शोधानं आमच्या कामाची पद्धत बदलली. तोवर घोड्याचा रक्तदाब मोजणं ही चैन समजली जायची. आज चेहऱ्यावरच्या धमनीत बारीक सुई बसवून दर क्षणाचा दाब पडद्यावर पाहतात, आणि सरासरी दाब सत्तरच्या खाली यायला लागला की भूल हलकी करतात, सलाईन वाढवतात, रक्तदाब वाढवणाऱ्या डोब्युटामीनचं ठिबक लावतात.

घोड्याला टेबलावर ठेवण्याची रीतही त्यातूनच आली. ती मला फार आवडते, कारण तिच्यात औषध काहीच नाही, निव्वळ काळजी आहे. घोडा कुशीवर असेल तर खालचा पुढचा पाय पुढे ओढून घ्यायचा, म्हणजे खांद्यामागच्या स्नायूवरचा भार सुटतो. वरचे दोन पाय आधार देऊन जमिनीला समांतर धरायचे. खाली जाड गादी. आणि मोरखी काढून ठेवायची. मोरखीची कडी गालाखाली राहिली तर तास-दोन तासांत तिथून जाणारी चेहऱ्याची नस दबते, आणि घोडा उठतो तो एका बाजूला ओघळलेला ओठ घेऊन. इतक्या मोठ्या जनावराचं इतक्या छोट्या कडीनं नुकसान होतं. विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे जातो.

आणि मग शेवटचा टाका. घोड्याला क्रेननं उचलून एका खोलीत नेतात. चारी भिंतींना गाद्या, खाली गादी, उजेड मंद, कुठे आवाज नाही. नाल काढलेले असतात किंवा खुरांना जाड पट्टी गुंडाळलेली असते. घोडा फक्त नाकानं श्वास घेतो, तोंडानं घेऊ शकत नाही. तासन् तास डोकं खाली राहिल्यानं नाकाच्या आतलं अस्तर सुजलेलं असतं, म्हणून घशातली नळी काढल्यावर नाकात एक आखूड नळी ठेवून देतात. त्यानंतर सगळे बाहेर येतात आणि झरोक्यातून बघत उभे राहतात.

घोडा हा शिकार होणारा प्राणी. जमिनीवर पडलेला घोडा म्हणजे वाघाच्या तोंडी गेलेला घोडा, ही जाणीव त्याच्या हाडीमाशी भिनलेली आहे. डोळा उघडला की त्याला उठायचं असतं, पायात बळ आलेलं असो वा नसो. तो मान झटकतो, अर्धा उठतो, भिंतीवर आपटतो, पुन्हा उठतो. याच क्षणी पायाचं हाड मोडतं, आणि मोठ्या घोड्याचं लांब हाड मोडलं तर बहुतेक वेळा त्याला शांतपणे मरण देण्याखेरीज काही उरत नाही. जॉन्स्टन यांच्या पाहणीत साधारण एकतृतीयांश मृत्यू हृदय बंद पडल्यानं झाले होते, आणि जवळजवळ तेवढेच मोडलेली हाडं आणि खराब झालेले स्नायू यांमुळे. ऑपरेशन यशस्वी झालेले घोडे उठता उठता गेले.

रेसच्या जगात रफियन या घोडीचं नाव आजही निघतं. ६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्कच्या शर्यतीत तिचा पुढचा पाय मोडला. रात्री ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताना ती जणू अजून पळतच होती. पाय झाडले, प्लास्टर फुटलं, जोडलेलं पुन्हा मोडलं, आणि तिला मरण द्यावं लागलं. एकतीस वर्षांनी, केंटकी डर्बी ही शर्यत जिंकलेल्या बार्बारो या घोड्याचा मागचा उजवा पाय २० मे २००६ ला प्रीकनेस शर्यतीत मोडला. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये डीन रिचर्डसन यांनी धातूची एक पट्टी आणि २७ स्क्रू घालून तो जोडला. मग भुलेतच बार्बारोला चार पायांच्या जागी चार रबरी पिशव्या असलेल्या तराफ्यात बसवून कोमट पाण्याच्या तलावात तरंगत ठेवलं. जाग आल्यावर त्यानं पाय झाडले, पण ते पाण्यात. पुरता शुद्धीवर आल्यावर त्याला उचलून तबेल्यात उभं केलं. भुलेतून तो सुखरूप बाहेर आला. पुढे बाकीच्या पायांवर भार येऊन त्याच्या खुरांतला थर सुटला आणि २९ जानेवारी २००७ ला त्याला निरोप द्यावा लागला. लोक त्या शेवटाकडे पाहून म्हणतात, काय उपयोग झाला? मी म्हणते, रफियन ज्या टप्प्यावर गेली तो टप्पा बार्बारोनं पार केला. पुढचा प्रश्न आता खुरांचा आहे, त्यावरही काम चाललंय.

तलाव जगात मोजक्या ठिकाणी आहेत. बाकीकडे डोक्याला एक आणि शेपटीला एक दोर बांधून, ते भिंतीतल्या कड्यांतून ओवून, बाहेर उभी असलेली दोन माणसं घोड्याला उठताना तोल देतात. आणि घोड्यानं घाईनं उठू नये म्हणून जाग येण्याच्या वेळी त्याला पुन्हा थोडी गुंगी देतात. ऐकायला उलटं वाटतं, पण हीच गोष्ट हाडं वाचवते. शरीरातला गॅस उतरायला वेळ मिळतो, आणि घोडा उठतो तेव्हा पाय त्याचे असतात.

गुंगीचा विषय निघालाय तर झायलाझीन आणि केटामीन या जोडीबद्दल थोडं सांगते, कारण आपल्याकडे खेड्यापाड्यांत हीच जोडी वापरतात. दोन्ही औषधं १९६२ च्या आसपास तयार झाली. झायलाझीन जर्मनीत बायर कंपनीनं माणसाच्या रक्तदाबासाठी बनवलं होतं. माणसाला त्यानं फारच गुंगी आली म्हणून ते जनावरांकडे आलं. घोड्यांमध्ये या दोघांचा एकत्र वापर १९७७ साली अमेरिकेत मुइर आणि सहकाऱ्यांनी नीट अभ्यासून मांडला. यातली खरी मेख क्रमात आहे. आधी झायलाझीन, मग थांबायचं. घोड्याची मान गुडघ्यापर्यंत खाली येईपर्यंत, ओठ लोंबेपर्यंत थांबायचं. मगच केटामीन. घाई करून गुंगी न चढलेल्या घोड्याला केटामीन दिलं तर तो बिथरतो, आणि मग त्याच्यापासून आपल्याला आणि त्याला त्याच्या स्वतःपासून वाचवणं कठीण होतं. ही दोन-चार मिनिटं थांबण्याची शिस्त मी सगळ्यात आधी शिकवते.

मग लोकांनी आणखी पुढचा विचार केला. पाडणंच धोक्याचं असेल तर पाडूच नये. आज घोड्याला उभ्यानं गुंगी देऊन, जागा बधिर करून कितीतरी ऑपरेशनं होतात. दाढा काढणं, दुर्बिणीतून अंडाशय काढणं, इतकंच काय, पायाच्या हाडातली चीरसुद्धा. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला २०१२ साली पेन आणि कॉम्प्स्टन यांनी उभ्या घोड्यात स्क्रू घालून हाड जोडलेल्या ३४ घोड्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. उभ्या घोड्याच्या पायापाशी बसून ड्रिल चालवायला सर्जनला किती भरवसा लागत असेल, स्वतःच्या हातावर आणि भूल देणाऱ्यावरही.

घोड्यांच्या त्या जुन्या पाहणीची चौथी फेरीही पुढे झाली. या वेळी ती कागदाऐवजी संगणकावर भरली आणि अनेक देशांतले दवाखाने त्यात होते. २०२१ साली सुरुवातीचे आकडे आले: एकूण ८,६५६ नोंदी, त्यांतल्या ६,७०१ पूर्ण भुलीच्या. या भुलींमध्ये एकूण मृत्यू १ टक्का, पोटशूळ सोडून ०.६, पोटशुळात ३.४. बाकीच्या, उभ्यानं गुंगी दिलेल्यांत ०.२. दोन दशकांपूर्वीचे १.९ आणि ०.९ आठवा. आकडे खाली आलेत, पण अजून हजारामागे सहा आहेत, आणि मला ते फार वाटतात.

आता वेदनेबद्दल. शेवटच्या टाक्यानंतर जनावराला जीव असतो तशी वेदनाही असते, आणि ती सांगायला त्याच्यापाशी शब्द नाहीत. ही अडचण भुलेच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. बॉस्टनला माणसावर ईथरचा जाहीर प्रयोग होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा १८४७ साली लंडनमध्ये एडवर्ड मेह्यू या पशुवैद्यानं कुत्र्यांना आणि मांजरांना ईथर देऊन पाहिलं. त्याचा निष्कर्ष निराशेचा होता. प्राणी ओरडत होते, आणि ते ओरडणं वेदनेचं की नुसतं गुंगीतलं, हे त्याला ठरवता येईना. त्याला दोष देता येत नाही. त्याच्यापाशी मोजण्याचं साधनच नव्हतं.

आज आहे. ग्लासगो विद्यापीठात कुत्र्यांसाठी एक वेदनामापन पट्टी बनवली गेली. २००१ साली तिची पहिली बांधणी आली, २००७ साली रोज वापरता येईल असं तिचं छोटं रूप. कुत्रा कण्हतो का, जखम चाटतो का, उठवलं तर कसा चालतो, जखमेच्या आसपास हलकं दाबलं तर मान वळवतो की गुरगुरतो, एकंदर नूर कसा आहे, अंग आखडून बसलाय का. प्रत्येकाला गुण. एकूण चोवीसपैकी सहा किंवा जास्त आले तर वेदनाशामक वाढवायचं. मतभेदाला जागा नाही, आणि 'सहन करतो हो तो' या वाक्यालाही नाही.

घोडा तर वेदना लपवण्यात पटाईत. इटलीतल्या दाल्ला कोस्ता आणि सहकाऱ्यांनी भूल देऊन खच्ची केलेल्या घोड्यांचे चेहरे ऑपरेशनच्या आधी आणि नंतर टिपले, आणि २०१४ साली सहा खुणा मांडल्या. कान ताठ होऊन मागे वळतात. पापण्या अर्ध्या मिटतात. डोळ्याच्या वरचा भाग ताणून हाड उठून दिसतं. जबड्याचा स्नायू फुगतो. ओठ आवळून हनुवटी पुढे येते. नाकपुड्या ताणल्या जातात. यातलं काहीही पाहायला डॉक्टर लागत नाही. ज्यांच्या घरी घोडे आहेत त्यांनी आज घरी जाऊन आपल्या घोड्याचा शांत चेहरा मोबाइलवर टिपून ठेवा. दुखऱ्या दिवशी शेजारी ठेवून बघता येईल.

औषधांबद्दल एकच सावधगिरी सांगते. ऑपरेशननंतर कुत्र्यांना ट्रॅमाडॉल देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. माणसाच्या यकृतात त्यापासून जो प्रभावी घटक बनतो, तो कुत्र्यात फारच कमी बनतो, हे २००४ पासूनच्या अभ्यासांत दिसलंय. तेव्हा एकट्या ट्रॅमाडॉलवर विसंबून कुत्र्याची वेदना गेली असं समजू नये. आणि घरातली माणसांची गोळी अर्धी करून तर कधीच देऊ नका.

जातीनुसारही फरक पडतो. थायोपेंटोन हे भुलीचं इंजेक्शन दिल्यावर ग्रेहाउंड इतर कुत्र्यांपेक्षा फार उशिरा उठतो. अंगावर चरबी नाही हे एक कारण, आणि त्याचं यकृत ते औषध संथपणे निकामी करतं हे दुसरं. आपला कारवान त्याच अंगकाठीचा, लांब नाकाचा, फासळ्या दिसणारा. लातूर-सोलापूरकडे घरोघरी आहे. ग्रेहाउंडवर झालेला अभ्यास त्याच्यावर व्हायला हवा, आणि हे काम इथल्याच पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं आहे. ते होईपर्यंत मी कारवानला थायोपेंटोन देत नाही. कॉली जातीच्या कुत्र्यांमध्ये २००१ साली मीली आणि सहकाऱ्यांनी एका जनुकातला दोष शोधला. तो असेल तर आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध मेंदूत घुसतं, आणि गुंगीची काही औषधंही जरुरीपेक्षा जास्त चढतात.

पगचं वेगळंच. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर तो शहरांत घरोघरी आला. चपट्या नाकाच्या मागे घशात जागाच नसते. भूल उतरताना इतर कुत्र्यांची नळी ते गिळायला लागले की काढतात. पगची मी काढत नाही. तो डोकं वर धरून, डोळे उघडून, तोंडात नळी घेऊन शांत बसलेला असतो, आणि ती काढावी असं त्याला वाटतही नाही. जन्मात बहुधा पहिल्यांदा त्याला विनासायास श्वास मिळत असतो. ते पाहिलं की अशी कुत्री पैदा करण्याच्या हौसेबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

भाषणाच्या शेवटी प्रश्न आले, त्यांतले दोन इथे देते.

एका बाईंनी विचारलं, आमची कुत्री बारा वर्षांची आहे, दात कुजलेत, पण 'या वयात भूल नको' असं सगळे म्हणतात. मी सांगितलं, ब्रॉडबेल्ट यांच्या पाहणीत वयाबरोबर धोका वाढतो हे खरं आहे. पण कुजलेल्या दातांचा पू आणि रोजची वेदना यांचाही धोका आहे, तो कोणी धरत नाही. रक्त, लघवी, हृदय तपासा. मूत्रपिंड ठीक असेल, ऑपरेशनभर सलाईन आणि ऊब मिळणार असेल, आणि नंतर कोणी बसणार असेल, तर वय हे एकटं कारण पुरेसं नाही. सकाळची पहिली वेळ मागून घ्या, म्हणजे दुपारभर तिच्यावर लक्ष राहील.

सारंगखेड्याच्या बाजारातून शिंगरू घेतलेल्या एका दादांनी विचारलं, आमच्याकडे अजून दोरानं पाडून, चार माणसं अंगावर बसवून खच्ची करतात, भूल कशाला लागते? दादा, लागते. दोरानं बांधलेला घोडा हलत नाही, त्याला दुखत मात्र असतं, आणि पाडताना पाय किंवा पाठ मोडते ती वेगळी. झायलाझीन आणि केटामीन दिलं की तो अलगद खाली बसतो आणि पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्यात वृषणाच्या दोरीत बधिर करणारं लिग्नोकेन टोचलं तर आतली ओढही त्याला जाणवत नाही. तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी जाऊन वेळ ठरवा. थंडीचे महिने बघा, माश्या कमी असतात. जागा मऊ आणि मोकळी हवी, जवळ विहीर, दगड, तारेचं कुंपण नको. डोळ्यांवर फडकं टाका. धनुर्वाताची लस आधी दिलेली हवी. आणि घोडा उठायला लागला की मोरखी ओढून त्याला घाईनं उभं करू नका, कोणी टाळ्या वाजवून हाकलू नका. चारी पाय नीट टेकून तो स्वतः चालायला लागेपर्यंत एकजण मोरखीची दोरी सैल धरून उभा राहू दे. पाणी त्यानंतर, आणि चारा पुरती गुंगी उतरल्यावर. त्या दिवशी संध्याकाळी एकदा आणि रात्री एकदा जखमेतून रक्ताची धार लागली नाही ना ते बघा. थेंब थेंब चालतील, धार दिसली तर डॉक्टरांना लगेच फोन करा, सकाळची वाट बघू नका.